पानावरची विहीर

माझ्या वडिलांनी माझ्या घरचं पाणी सोडलं ते करंगळीएवढ्या एका माणसापायी. माणूस खरा असता तर मी झिंज्या धरून त्याला आण्णांपुढं उभं केलं असतं. पण तो चित्रातला. डोक्यावर पिवळी टोपी, हातात फावडं. फावडं खाली, फावडं वर, फावडं खाली, फावडं वर. त्याला ना दम लागायचा, ना तंबाखू मळायची असायची.

नीट सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलंय.

लग्न होऊन मी भूमला आले तेव्हा तिथं इंटरनेट नुकतंच पोचलं होतं. बार्शीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली सून म्हणून सासरी माझी ऐट होती. घराच्या पुढच्या खोलीत आम्ही चार कॉम्प्युटरचा क्लास काढला. इंटरनेट फोनच्या वायरीवरून चालायचं, आणि ते जोडताना यंत्रातून असा काही घर्रर्र आवाज निघायचा की सासूबाई दर वेळी आतून ओरडायच्या, "अगं, मिक्सरात चमचा राहिलाय का बघ!" त्या काळी इंटरनेटवर फुकटात स्वतःचं पान काढून देणाऱ्या कंपन्या होत्या. आपण हवं ते लिहायचं, हवी तेवढी हलती चित्रं चिकटवायची, की ते पान म्हणे अमेरिकेतल्या माणसालाही दिसायचं. अमेरिकेतल्या माणसाचं भूममध्ये काय अडलंय, हा प्रश्न तेव्हा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नाही.

मी पान काढलं ते आण्णांवर. आण्णा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर चालायचं, आणि नारळ जिथं ताडकन उभा राहील तिथं काठी रोवायची, ‘खणा इथं’ म्हणायचं. यात खरं किती नि खोटं किती, ते शास्त्रवाल्यांनी बघावं. मी एवढंच सांगते की भूम-वाशीच्या कोरड्या रानात पाणाड्याला जो मान, तो दिवाळीला आलेल्या जावयालाही नाही. आणि आण्णांचा एक नेम होता. ज्याला जागा दाखवली, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, विहिरीला पाणी लागेपर्यंत. पाणी लागलं की खणणारा माणूस वर यायचा, मालक पहिला तांब्या भरून आणायचा, आण्णा त्यातले चार थेंब विहिरीच्या काठावर शिंपडायचे आणि उरलेलं उभ्या उभ्या घटाघटा प्यायचे. एकेका घरचं पाणी त्यांनी दोन-दोन वर्षं तोडलेलं मी बघितलंय. आमच्या चुलत चुलत्याच्या घरी तर लग्नाच्या पंगतीत आण्णा स्वतःचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या मांडीशी घेऊन बसले होते.

तर पान. मधोमध गरगर फिरणारी पृथ्वी. तिच्या दोन बाजूंना पेटत्या मशाली. ओळींच्या मध्ये सरकत्या रंगीत पट्ट्या, कोपऱ्यात उघडझाप करणारं पत्राचं पाकीट, खाली दौडणारा घोडा, मागं काळ्या आभाळात लुकलुकणाऱ्या चांदण्या, आणि या सगळ्या जत्रेत कुठंतरी नारळ धरलेले आण्णा. पाणाड्याच्या पानावर घोडा कशाला, असं विचारू नका. घोडा फुकट होता. तेव्हा सगळ्यांची पानं अशीच असायची. मांडवाला नाही का आपण घरात असतील तेवढ्या माळा सोडून मोकळे होतो. आणि पान अर्धवट असलं की एक खणणारा माणूस लावायचा, अशी जगभरची पद्धत होती. काम चालू आहे, असा त्याचा अर्थ. माझं पान अर्धवट होतं. तोही लावला.

बाजारच्या दिवशी आण्णा गावाहून पाऊण तासाची एसटी करून आमच्याकडं यायचे. त्या दिवशी मी त्यांना मोठ्या हौसेनं पडद्यापुढं बसवलं. क्लासची पोरंपोरी खुर्च्या सोडून मागं येऊन उभी राहिली. आण्णांनी चष्मा पुसला, पटका सारखा केला आणि रान बघावं तसं डावीकडून उजवीकडं सगळं पान बघितलं.

"ही काय, पृथ्वी?"

"व्हय."

"लई पळती गं. आपल्या हिथं दिसातनं एकदा फिरती, ही मिंटात धा डाव. म्या बसल्यापास्नं पंधरा दिवस गेले की हिच्यात." मग घोड्याकडं वळून म्हणाले, "ह्यो कुठं चाललाय? एवढ्यात बेंबळीला जाऊन माघारी आला असता." पोरं फिदीफिदी हसली. स्वतःचा फोटो बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी मनात म्हटलं, जिंकलं. आणि तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली.

"ह्यो कोन?"

"त्यो असाच. पान अजून पुरं झालं न्हाय, म्हणून लावलाय."

"कवाधरनं खणतोय?"

"महिना झाला असंल."

"महिना झाला, आन् टोपी भिजली न्हाय त्याची." आण्णांचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की आमच्या घरात भांडीसुद्धा वाजायची थांबायची. "जागा कुणी दावली त्याला?"

"कुणी न्हाय आण्णा, चित्र हाय ते."

"वर माझा फोटू, आन् खाली महिनाभर कोरडी विहीर? आन् ही सगळ्या दुनियेला दिसतीया म्हनतीस? अगं, अमेरिकेतला मानूस काय म्हनंल?"

अमेरिकेतल्या माणसाची काळजी करणारे भूम तालुक्यात तेव्हा एकटे आण्णाच. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि हात पडद्यासमोरून फिरवायला लागले. वरून खाली, डावीकडून उजवीकडं, मशालींवरून, घोड्यावरून. माझे मिस्टर चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. एका पोरीनं तर हात जोडले, खोटं नाही सांगत. आणि उजव्या बाजूला, पाकिटाच्या खाली, नारळ उभा राहिला.

"हितं," आण्णा म्हणाले. सासूबाईंकडून कुंकू मागवून त्यांनी काचेवर बोटानं टिळा लावला. "हलीव त्याला. हितं खणू दे."

मी हलवला. दोन मिनिटांचं काम. माणूस सरकत टिळ्याखाली आला आणि नव्या जागी खणायला लागला. आण्णांना समाधान वाटलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टरांनी चहा पुढं केला तर आण्णांनी कप हातानं बाजूला सारला.

"आता न्हाय पाव्हनं. जागा दावलीय म्या. पाणी लागू द्या."

आम्ही सगळे हसलो. आण्णा हसले नाहीत. उठले, चपला घातल्या, आणि उन्हातान्हात तसेच कोरड्या घशानं स्टँडवर गेले.

आता कुणीही शहाणी बाई असती तर तिनं त्याच दुपारी त्या चित्राच्या पायाशी एक निळा ठिपका लावला असता आणि विषय मिटवला असता. एक ठिपका! पण मी पण त्यांचीच लेक. मला आला राग. भरल्या क्लाससमोर माझा चहा नाकारला म्हणजे काय? मी आईला निरोप धाडला की चित्र ते चित्र, मी काही बदलायची नाही, बघू किती दिवस तहानलेले राहतात. आईनं उलटा निरोप धाडला, "तुमा दोघांच्यात माझा जीव घेऊ नका, ठिपका दे त्याला." मी दिला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आण्णा बाजारच्या दिवशी यायचे, फिरकीचा तांब्या टेबलावर ठेवायचे, पडद्यात डोकावून "लागलं का?" विचारायचे, मी "न्हाय" म्हणायची, आणि ते आपल्या तांब्यातलं पाणी पिऊन जायचे.

शेवटी माझंच मन मऊ झालं. बसले ठिपका लावायला, तर पासवर्ड आठवेना. तो मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, गॅस सिलेंडर लावल्याची तारीख असते ना, तिच्या शेजारी. आणि वर्ष सरल्यावर सासूबाईंनी कॅलेंडरची पानं फाडून फडताळात डब्यांखाली अंथरली होती. मी सगळे डबे उपसले. ते पान सापडलं, तेलाच्या बरणीखाली. त्यावर तेलाचा असा झकास गोल उमटला होता की एकादशी दिसत होती, सिलेंडर दिसत होता, आणि पासवर्डाची शाई विरून तिथं भिंगासारखं आरपार. कंपनीला इंग्रजीतून तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की तुमच्या लाडक्या पाळीव प्राण्याचं नाव सांगा. मी माहेरच्या गोठ्यातली सगळी नावं घालून बघितली, शेळीपर्यंत आले. कंपनीला एकही जनावर पटलं नाही.

म्हणजे पान आता कुणाच्याच हातात राहिलं नाही. आणि तो माणूस खणतोय.

मी नवीन पान काढून बघितलं. त्यावर थुईथुई उडणारं कारंजं लावलं, दोन कारंजी लावली. आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "ही दुसरी विहीर झाली माय. माझा शब्द त्या विहिरीत हाय." मी म्हटलं, "आण्णा, तुमी मुद्दाम करताय." तर म्हणाले, "मुद्दाम करून कोन तान्हेला ऱ्हातं?"

पुढची वर्षं आमच्या घरात नुसता कीस पडत राहिला. चहा नाही, कारण चहात पाणी. दूध चालेल म्हणाले होते, पण मग आमच्या दूधवाल्याचं तोंड बघितलं आणि तेही सोडलं. भाकरीचं पीठ पाण्यात मळतात म्हणून भाकरी बंद. शेंगदाणे, गूळ, कोरडा चिवडा चालायचा. कलिंगड चालायचं. मी खवळून विचारलं, "कलिंगडात पाणी न्हाय व्हय?" तर म्हणाले, "ते वेलाचं हाय, तुझं न्हाय." एका उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला. तो टँकर भरायचा आमच्या घराच्या मागं, माझ्या परसातून नळी दिसायची. म्हणजे माझ्या दारचं पाणी टँकरात बसून त्यांच्या गावाला जायचं, तिथून फिरकीच्या तांब्यात बसून माझ्या घरी परत यायचं, आणि आण्णा ते माझ्यासमोर पिऊन "आपल्या गावचं पाणी ते आपल्या गावचं" म्हणायचे. मी तेव्हा तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर त्यांनी तेही सोडलं असतं.

मग ती फुकटवाली कंपनीच बंद झाली. एके दिवशी पान उघडायला गेले तर पानच नाही. पृथ्वी, मशाली, घोडा, सगळं गडप. आण्णांना सांगितलं. ते कितीतरी वेळ तांब्याची फिरकी फिरवत बसले.

"बुजिवली म्हन की."

"बुजवली न्हाय आण्णा, बंद पडलं सगळं."

"तेच ते. अर्ध्यात बुजलेल्या विहिरीवर शब्द अडकला की अडकला. आता न्हाय सुटायचा." असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. त्या वेळी मला कळलं की हा माणूस हट्टानं अडून बसलेला नाही, खरंच अडकलाय. माझ्या घरी कधीतरी चहा प्यावा असं त्यांनाही वाटत होतं. मी आत जाऊन रडले. मग बाहेर येऊन त्यांच्यावरच ओरडले, कारण मला दुसरं काही येत नाही.

आई गेली, आण्णा थकले, नारळ धरायचं बंद झालं. क्लासची जागा आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मनी घेतलीय. आणि यंदाच्या पावसाळ्यात आण्णांना मुतखडा झाला. भावानं त्यांना भूमला आणलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, आठ दिवस लेकीकडं राहा, खडा लहान आहे, औषधानं पडेल, फक्त पाणी प्या. दिवसाला तीन-चार लिटर. जेवढं पाणी तेवढी लवकर सुटका, नाहीतर ऑपरेशन.

मला हसूच फुटलं. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. यात हसण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं असणार.

मग रोज सकाळच्या एसटीनं भाऊ पाण्याचा कॅन धाडायला लागला. मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायची. शेजारणी विचारायच्या, "तुमच्या नळाला पाणी येत न्हाय का?" येतं, म्हणायची मी, भरपूर येतं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी असा पाऊस झाला की गावाकडचा ओढा पुलावरून वाहायला लागला आणि गाड्या बंद झाल्या. पाणी आलं म्हणून पाणी आलं नाही! बाहेर रस्त्याला पाण्याचा लोंढा, घरात दोन हंडे भरलेले, आणि माझा बाप कॉटवर कोरडा. दुपारपर्यंत कॅनचा तळ लागला. दुकानातली बाटली आणि पागोळीचं पाणी पुढं केलं, तर म्हणाले, "तू आनलेलं ते तुझ्याच घरचं." आण्णा कळ दाबत कुशीवर झाले, ओठांवर पांढरी साय धरली.

मी तांब्या पुढं केला. त्यांनी मान हलवली.

"आण्णा, डॉक्टर चिरतील तुमाला."

"चिरू दे."

"तुमचा शब्द जाऊ दे खड्ड्यात!"

"खड्ड्यातच हाय त्यो," आण्णा म्हणाले, आणि त्या कळेतही त्यांना आपल्याच बोलण्याचं हसू आलं.

माझं डोकं सटकलं. इंटरनेटवरची मेलेली पानं साठवून ठेवणारी एक जागा आहे, असं मी कधीतरी वाचलं होतं. म्हटलं, ते पान शोधतेच आणि नाकासमोर धरते, बघा म्हणते, कसल्या टीचभर चित्रासाठी जीव द्यायला निघालाय. पासवर्ड विसरले होते, पण पानाचा हातभर लांब पत्ता मला तोंडपाठ होता. फोनवर टाकला. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. आणि आलं की हो पान! काळं आभाळ आलं, चांदण्या आल्या, एक मशाल आली. आण्णांचा नारळ धरलेला फोटो आला, काळी कुळकुळीत मिशी. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, चष्मा चढवला आणि फोन हातात दिला.

त्यांनी डावीकडून उजवीकडं बघितलं. सवयीनं.

"मशाल एकच ऱ्हायली का?"

"व्हय."

"घोडा हाय अजून. पोचला न्हाय." मग बोट खाली सरकलं, उजव्या बाजूला, पाकिटाच्या खाली. तिथं एक रिकामी चौकट होती. माणूस नव्हता, फावडं नव्हतं. "आन् ह्यो कुठं गेला?"

इतकी वर्षं कॉम्प्युटरपुढं काढलेली बाई मी. जुन्या पानातली निम्मी चित्रं साठवलेलीच नसतात, तिथं अशी रिकामी चौकट दिसते, हे मी झोपेतही सांगेन. तेच सांगायला तोंड उघडलं.

"वर आला," आण्णा म्हणाले.

मी तोंड मिटलं.

"खणणारा मानूस दोनदाच वर येतो बग. एक जेवायला, आन् एक पाणी लागल्यावर." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "आन् एवढी वर्षं कुनी जेवत बसत न्हाय."

मी तांब्या काठोकाठ भरून आणला. आण्णा म्हणाले, उभं कर मला. मी आणि मिस्टरांनी दोन बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली आणि चार थेंब फोनवर शिंपडले, पाकिटाच्या खाली, बरोबर त्या चौकटीवर. मग तांब्या तोंडाला लावला. गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली होत होती. तांब्या रिकामा झाला तरी ते तो तसाच धरून उभे होते.

मग मिशी पुसली, मला जवळ घेतलं.

"मचूळ हाय जरा," ते म्हणाले. "पर लई खाली नव्हतं गं. तू उगं एवढा उशीर लावलास."